नाव न घेता

बुधवार, ५ मार्च. राखेचा बुधवार

आजपासून ईस्टरपर्यंत लिहायचं ठरवलं आहे. रोज नाही, काही घडेल त्या दिवशी. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत, माणसाने स्वतःची झडती घ्यावी. मिरजेला बीएस्सी नर्सिंग करताना आमच्या मेट्रन ड्यूटीनंतर रोज अर्धं पान लिहायला लावत. ती सवय सुटून पस्तीस वर्षं झाली.

संध्याकाळी उपासना झाली. किलकेनीत आम्ही अकरा मराठी ख्रिस्ती कुटुंबं. इथल्या एका आयरिश चर्चने मागचा हॉल आम्हाला दिला आहे. रविकांत आमचे पंच, म्हणजे मंडळीचा कारभार त्यांच्याकडे. आज ते गुपचूप करायच्या प्रार्थनेवर आणि गुपचूप करायच्या उपवासावर बोलले. चांगलं बोलले, पण नऊ मिनिटं जास्त.

मग उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, सात उद्गारांची वाटणी झाली. येशूच्या क्रुसावरच्या एकेका उद्गारावर एकेकाने उभं राहून सात-आठ मिनिटं बोलायचं. पहिला, क्षमेचा, गेली नऊ वर्षं माझ्याकडे होता. या वर्षी रविकांतांनी तो विक्रांतला दिला.

‘‘तरुणांना पुढे आणायला हवं, लीलाताई. तुम्ही प्रार्थनेची साखळी बघा. ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार?’’

विक्रांत चौतीस वर्षांचा, नगरच्या एका निवृत्त पाळकांचा मुलगा. त्याची बायको स्वरूपा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. चांगली जोडी. मला त्याचं काही वाटलं नाही.

मी चहा सोडला आहे. वॉर्डमध्ये माझ्याबरोबरच्या नोरीनने विचारलं, बरं नाही का. मी कारण सांगितलं. विश्वासाची साक्ष द्यायची संधी दवडू नये.


शनिवार, ८ मार्च

साखळी बसली. चोवीस तास, अर्ध्या अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस भाग, ईस्टरपर्यंत एकही भाग रिकामा नाही. अकरा कुटुंबांना हे झेपणारं नव्हतं. रात्री बारा ते सहा कोण जागणार? मग सुचलं, इथे रात्र असते तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते. नगरला ज्ञानदाला फोन केला. ती माझी नर्सिंगची वर्गमैत्रीण, आता तिथल्या स्त्रियांच्या मंडळाची प्रमुख. तासाभरात तिने बारा बायका उभ्या केल्या.

लता, म्हणजे रविकांतांची बायको, म्हणाली, ‘‘बाई गं, तू रेल्वेत असायला हवी होतीस. गाड्या वेळेवर सुटल्या असत्या.’’

विक्रांत-स्वरूपाने मात्र वेळ घेतलेली नाही. ‘‘सध्या जमणार नाही, काकू.’’ उद्गार घ्यायला जमतो.

साखळीच्या ग्रुपवर मी रोज एक विनंती टाकते. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाची परीक्षा. लोक आमेन लिहितात आणि विसरतात, असा मला संशय आहे. विनंतीत जीव नसेल तर प्रार्थनेत कुठून येणार?


मंगळवार, ११ मार्च

आज सुट्टी. दुपारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये स्वरूपा माझ्या गाडीपाशी उभी होती.

‘‘काकू, पाच मिनिटं आत बसू या?’’

बसलो. पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. विक्रांत प्यायचा. दोन वर्षं. घरून काम करतो, त्यामुळे कोणाला कळलं नाही. ऑगस्टपासून बंद आहे. दर मंगळवारी दुपारी तो कॅलनला दारू सोडलेल्यांच्या सभेला जातो. आत्ताही तिथेच होता. किलकेनीतल्या सभेला जात नाही, कोणी पाहील म्हणून.

‘‘आता हा पहिला उद्गार आलाय. रोज लिहितो आणि फाडतो. म्हणतो, मी कोण क्षमेचं सांगणारा? त्याच्या बाबांना तर यातलं काहीच माहीत नाही. त्यांना कळलं ना, काकू, तर तो परत पिणार. मला माहीत आहे. सात महिने मी एकेक दिवस करून इथवर आणलंय त्याला. तुम्ही नर्स आहात म्हणून तुम्हाला सांगतेय.’’

मी विचारलं, झोप कशी आहे, जेवतो का, एकटा कधी असतो. काय करायचं ते सांगितलं. मग म्हटलं, ‘‘प्रार्थनेत ठेवते.’’

‘‘ठेवा, काकू.’’ तिने माझा हात धरला.

इतक्या जणांत तिने मला निवडलं. पण झडतीच घ्यायची तर हेही लिहायला हवं, की ती बोलत असताना माझ्या मनात आधी उद्गार आला. रविकांतांनी देण्यापूर्वी थोडी चौकशी करायला हवी होती.


गुरुवार, १३ मार्च

आजची विनंती इथे उतरवून ठेवते:

‘आपल्यातील एका तरुण भावासाठी कळकळीने प्रार्थना करू या. पाळकाच्या घरात वाढलेला हा उच्चशिक्षित भाऊ सात महिन्यांपूर्वी मद्याच्या बंधनातून सुटू लागला. दर मंगळवारी तो कॅलन येथे अशा लोकांच्या सभेस जातो. येत्या उत्तम शुक्रवारी त्याच्यावर मोठी जबाबदारी आहे. त्या वेळी सैतानाने त्याला पाडू नये. त्याची पत्नी हे ओझे एकटीच वाहत आहे.’

नाव दिलेलं नाही. दोनदा वाचून खात्री केली. इथल्या बावीस वर्षांत मी पेशंटचं नाव लिफ्टमध्येसुद्धा घेतलेलं नाही. गुप्तता म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस आमेन आले. काल सहा होते. नगरच्या एका बाईने लिहिलं की तिला रडू आलं. लताने फोन करून विचारलं, ‘‘विक्रांत का गं?’’

मी म्हटलं, ‘‘मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.’’


रविवार, १६ मार्च

उपासनेनंतर चार जणांनी येऊन सांगितलं की आता साखळीत खरी कळकळ आली आहे. उद्या सेंट पॅट्रिकचा दिवस. गावभर हिरव्या पताका लागल्या आहेत आणि पबच्या बाहेर पिंपं उतरत होती. विक्रांत-स्वरूपा हॉलमधून निघाले तेव्हा सगळे त्यांच्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलले. विक्रांत गोंधळून हसत होता. स्वरूपाने माझ्याकडे पाहिलं नाही, घाईत असेल.


बुधवार, १९ मार्च

दुपारी स्वरूपाचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

‘‘काकू, तुम्ही नगरला काय कळवलंत?’’

मी म्हटलं, नगरला काही नाही, साखळीला.

‘‘काल तो सभेला निघाला होता. हातात किल्ली होती. तेवढ्यात बाबांचा फोन. मंडळीतल्या बायका घरी गेल्या होत्या त्यांचं सांत्वन करायला. सांत्वन, काकू! माणूस गेल्यासारखं. बाबांनी त्याला एवढंच विचारलं, हे खरं आहे का. आणि फोन ठेवला.’’

‘‘मी नाव घेतलं नव्हतं.’’

‘‘किलकेनीच्या मंडळीत नगरच्या पाळकांची किती मुलं आहेत?’’

‘‘तूच म्हणालीस, प्रार्थनेत ठेवा.’’

‘‘तुमच्या प्रार्थनेत, काकू.’’

विक्रांत सभेला गेलाच नाही. कालपासून खोलीत बसून आहे.

मी लगेच ज्ञानदाला फोन लावला. तिने सोमवारी स्त्रियांच्या सभेत विनंती मोठ्याने वाचली होती. ‘‘अगं, इतकी कळकळीची विनंती! वाचायची नाही तर काय करायची?’’

मी तिला चांगलंच सुनावलं. काही गोष्टी माणसाने स्वतःच्या अकलेने समजून घ्यायच्या असतात.


गुरुवार, २० मार्च

विक्रांत सकाळी आठपासून घरी नाही. गाडी नाही. फोन बंद.

मी ड्यूटीवर होते. स्वरूपाचा निरोप अकराला वाचला. जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवर लिहिलं, ‘तातडीची विनंती. तो भाऊ सकाळपासून बेपत्ता आहे.’ तीनला ड्यूटी संपली. स्वरूपा हॉस्पिटलच्या दाराशी उभी होती. अंगात कारखान्याचं जाकीट तसंच.

‘‘ग्रुपवरचं ते काढून टाका.’’

‘‘स्वरूपा, सगळी मंडळी गुडघ्यावर आहे.’’

‘‘काढा आधी.’’ मी काढलं. मग ती म्हणाली, ‘‘आमच्यासाठी प्रार्थना करू नका.’’

‘‘असं म्हणू नये.’’

‘‘करू नका! शोधा त्याला. तुमच्याकडे गाडी आहे ना? नाहीतर घरी जा आणि मला बसने जाऊ द्या.’’

माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही. तरी गाडीचं दार उघडलं. आधी कॅलन, मग नदीकडच्या पार्किंगच्या जागा, मग वॉटरफर्डच्या रस्त्यावरचे पेट्रोल पंप. त्यांची गाडी पांढरी, म्हणून प्रत्येक पांढऱ्या गाडीपाशी ती मला वेग कमी करायला लावायची. अंधार पडेपर्यंत फिरलो. सापडला नाही. तिला घरी सोडलं.


शुक्रवार, २१ मार्च

सापडला. ट्रॅमोरला समुद्राजवळच्या पार्किंगमध्ये, गाडीत. सकाळी गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, काचेवर टकटक केलं तेव्हा उठला. जिवंत आहे. प्यायला होता. सात महिने गेले.

रविकांत त्याला आणायला गेले होते. त्यांनी मला हे फोनवर तीन वाक्यांत सांगितलं. शेवटी ते नेहमी ‘प्रभू बरोबर असो’ म्हणतात. आज म्हणाले नाहीत.


रविवार, २३ मार्च

दोघंही उपासनेला आले नाहीत. नंतर हॉलच्या स्वयंपाकघरात मी कप विसळत होते, रविकांत पुसत होते, लता ते प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लावत होती.

‘‘लीलाताई,’’ रविकांत म्हणाले, ‘‘पाळकाचा मुलगा, मंगळवार, कॅलन, उत्तम शुक्रवार. देवाला एवढा पत्ता लागतो का?’’

‘‘तपशील नसला की लोकांच्या मनात कळकळ येत नाही.’’

‘‘लोकांच्या.’’ एवढंच बोलून ते कप पुसत राहिले.

लता म्हणाली, ‘‘आता एकट्या लीलाला कशाला बोलता? मी विचारलंच होतं तिला, विक्रांत का म्हणून. तिने नाही म्हटलं नाही. मी पण दोघींनाच सांगितलं.’’

ती माझी बाजू घेत होती. यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, साखळी बंद करते. रविकांत म्हणाले, ‘‘साखळी नका बंद करू. विनंत्या बंद करा. ज्याने त्याने आपली वेळ नुसती पाळावी.’’


शुक्रवार, २८ मार्च

विनंत्या बंद करून पाच दिवस झाले. अठ्ठेचाळीस भागांपैकी एकोणीस उरले. कोणाला काय झालंय हे कळल्याशिवाय लोकांना प्रार्थना सुचत नाही असं दिसतं. आज माझ्या वेळेला मी बसले. मलाही सुचली नाही. अर्धा तास घड्याळाकडे पाहिलं.


रविवार, ३० मार्च

उन्हाळ्याच्या वेळेसाठी इथली घड्याळं एक तास पुढे गेली, नगरची नाही, आणि साखळीत तासाभराचं भोक पडलं. कोणी तक्रार केली नाही.

इथे आज मातृदिन. माझा मुलगा आकाश गॉलवेहून फुलं घेऊन आला. सात वर्षांचा होता तेव्हा मी त्याला इथे आणलं. मी मराठीत बोलते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. चर्चमध्ये येत नाही. माझा चेहरा पाहून विचारलं म्हणून त्याला सगळं सांगितलं. मग लक्षात आलं, आणखी एकाला सांगितलं.

तो म्हणाला (मी मराठीत लिहिते, ‘मॅम’ म्हणजे इथे आई), ‘‘मॅम, समजा वॉर्डमधल्या एखाद्या नर्सने बाहेर सांगितलं, चौथ्या खाटेवरचे, अमुक गावचे, दोन मुलींचे वडील, पोटाचा कॅन्सर. नाव नाही घेतलं. तू काय केलं असतंस?’’

‘‘त्याच दिवशी वर कळवलं असतं. तिची नोकरी गेली असती.’’

‘‘ग्रँड,’’ तो म्हणाला, म्हणजे ‘ठीक आहे’, आणि बटाटे सोलायला लागला.

मी म्हटलं, वॉर्डची गोष्ट वेगळी. माझा हेतू प्रार्थनेचा होता.

‘‘शुअर, आय नो,’’ तो म्हणाला. पण मान वर केली नाही.

जेवणानंतर मी १३ तारखेचं पान काढून पुन्हा वाचलं. विनंती चार ओळींची आहे. तिच्या खाली एकोणचाळीस आमेनची नोंद, रडलेल्या बाईची नोंद, लताचा फोन. विक्रांतसाठी मी स्वतः त्या दिवशी प्रार्थना केल्याची नोंद नाही. विसरले असेन लिहायला, असं आधी वाटलं. पण मी विसरत नाही. मी त्या दिवशी प्रार्थना केलीच नव्हती. आमेन मोजत होते.


गुरुवार, ३ एप्रिल

रविकांतांचा फोन. विक्रांतने उद्गार परत केला. ‘‘आता वेळ कमी आहे, लीलाताई. तुम्हीच घ्या. तुमची तयारी असतेच.’’

मी घेते म्हणाले.

आणि मग काय बोलायचं ते मला एकदम दिसलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून मी माझा अपराध कबूल करणार. नाव न घेता नाही. सरळ विक्रांत आणि स्वरूपाचं नाव घेऊन त्यांची क्षमा मागणार. बसून लिहून काढलं. साडेसात मिनिटं होतात. तीन वेळा मोठ्याने वाचलं. दुसऱ्या पानावर माझाच गळा भरून आला. असं भाषण आमच्या मंडळीत आजवर झालेलं नाही.


शनिवार, ५ एप्रिल

भाषण घेऊन स्वरूपाकडे गेले. त्यांना आधी कल्पना द्यावी म्हणून. तिने दारातच उभं ठेवलं. मी कागद पुढे केला. ती उभ्या उभ्या वाचत गेली. दुसरं पान वाचतानाही तिचा चेहरा हलला नाही.

‘‘छान लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही बोलाल तेव्हा सगळे कुठे बघतील, काकू?’’

तिने कागद माझ्या हातात परत दिला.

‘‘आमच्याकडे. आणि नंतर म्हणतील, लीलाकाकूंचं मन केवढं मोठं. आणि पुन्हा नगरला जाईल. या वेळी नावासकट.’’

‘‘मग मी काय करू? मला क्षमा मागायचीय.’’

‘‘मागितलीत ना आत्ता. इथे, दारात. झालं.’’

तिने केली की नाही, ते ती बोलली नाही. मी वळले. फाटकापर्यंत गेले तेव्हा तिने हाक मारली.

‘‘मंगळवारी तुम्हाला अजून सुट्टी असते?’’

विक्रांतने गाडीची किल्ली स्वतःहून तिच्याकडे दिली आहे. कॅलनला तो आता जाणार नाही. सगळ्यांना ठाऊक झालं आहे. दुसऱ्या एका गावात दुपारी एकला सभा असते. चाळीस मिनिटांचा रस्ता, बस नाही. स्वरूपाला त्या वेळी कारखाना.

मी विचारलं, ‘‘मीच का? तो माझ्या गाडीत बसेल?’’

‘‘माहीत सगळ्यांना आहे, काकू. पण मी सांगितलं फक्त तुम्हाला. दुसऱ्या कोणाला विचारायचं तर परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तेवढी ताकद नाही उरली.’’ मग म्हणाली, ‘‘कोणालाही कळता कामा नये. रविकांतकाकांनासुद्धा. तुम्हाला जमेल का, ते मला खरंच माहीत नाही.’’

भाषण घरी आणून फाडलं. वाईट वाटलं. चांगलं उतरलं होतं.


मंगळवार, ८ एप्रिल

सव्वाबाराला त्यांच्या घरापाशी गेले. विक्रांत मागच्या सीटवर बसला, टॅक्सीत बसल्यासारखा. बारीक झाला आहे. वीस मिनिटं मी रस्त्याकडे बघत गाडी चालवली. मी म्हटलं, पट्टा लावलास का?

‘‘लावलाय. ग्रुपवर कळवा.’’

त्याला तेवढा हक्क होता.

गावाचं नाव लिहीत नाही. तो आत गेला, मी गाडीत बसले. तासाभराने बाहेर आला. या वेळी पुढे बसला. घराजवळ उतरताना म्हणाला, ‘‘अठरा.’’ मला आधी कळलं नाही. मग मोजलं. एकवीस मार्चपासूनचे दिवस.


मंगळवार, १५ एप्रिल

जाताना तोच बोलायला लागला. शुक्रवारी दुपारी एकला एक जादा सभा आहे. ‘‘मला चर्चमध्ये बसता येणार नाही, काकू. सगळे बघतील. आणि एकटा घरी बसलो तर काय करीन, ते मला माहीत आहे. स्वरूपाला रजा मिळत नाहीये.’’ मग म्हणाला, ‘‘पण तुमचा पहिला उद्गार आहे. राहू द्या.’’

मी म्हटलं, ‘‘किती वाजता निघायचं?’’

‘‘पंचवीस,’’ तो उतरताना म्हणाला.


गुरुवार, १७ एप्रिल

रविकांतांना फोन केला. उद्या येता येणार नाही.

‘‘ड्यूटी आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं नाही का?’’

‘‘बरी आहे.’’

‘‘मग?’’

‘‘सांगता येणार नाही.’’

‘‘लीलाताई, तो उद्गार आधी तुम्हाला दिला नाही, म्हणून तर नाही ना? दुसऱ्याने परत केलेला घ्यायचा नाही, असं काही?’’

सहा आठवड्यांपूर्वी हे खरं ठरलं असतं. म्हणून मला रागही नीट येईना. ‘‘तसं नाही,’’ एवढंच म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. एका वाक्यात पटवता आलं असतं. ते वाक्य जिभेवर होतं. फोन ठेवला आणि उद्यासाठी गाडीत पेट्रोल भरून आणलं.


शुक्रवार, १८ एप्रिल. उत्तम शुक्रवार

बारा वाजता तिकडे उपासना सुरू झाली असेल. पहिल्या उद्गाराच्या वेळी आम्ही रस्त्यात होतो. वाटेतले पब उघडे होते. पूर्वी या दिवशी बंद असायचे. एका ठिकाणी सिग्नल लागला. डाव्या हाताला पबचं दार उघडंच होतं, आतून माणसांचा आवाज येत होता. विक्रांतने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्या सिग्नलला जेवढा वेळ लागला तेवढा साडेसात मिनिटांच्या भाषणालाही लागत नाही.

‘‘बोला काहीतरी,’’ तो म्हणाला. ‘‘काहीही.’’

मी त्याला मिरजेच्या मेट्रनची गोष्ट सांगितली, त्या बेडपॅन मोजायच्या आणि एक कमी पडला म्हणून आम्हा सोळा जणींना दोन तास व्हरांड्यात उभं केलं होतं ती. बेडपॅन त्यांच्याच खोलीत सापडला. तो हसला. सिग्नल सुटला.

तो आत गेल्यावर मी गाडीत बसून राहिले. तिथे काय केलं ते लिहीत नाही.

अठ्ठावीस.


रविवार, २० एप्रिल. ईस्टर

हॉलमध्ये शिरले तेव्हा बोलणं जरा थांबलं. लताने मिठी मारली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. ‘‘असू दे गं. होतं असं. आम्ही प्रार्थना करतोय तुझ्यासाठी.’’

घरी येऊन ग्रुप उघडला. विनंत्या बंद होत्या, पण लताने शनिवारी एक टाकली होती. ‘आपल्यातील एका ज्येष्ठ भगिनीसाठी प्रार्थना करू या. तिने अनेक वर्षे निष्ठेने सेवा केली, पण मान न मिळाल्याने तिच्या मनात कडवटपणा आला आहे. प्रभूने तिचे मन मऊ करावे.’

नाव दिलेलं नाही. एक्केचाळीस आमेन. ज्ञानदाचाही आहे.

खरं कारण दोन ओळींचं होतं. मी लिहिलंही. मग पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. लताने लिहिलेलं मी परत वाचलं. त्यातलं शुक्रवारचं कारण चूक होतं. बाकीचं तितकं चूक नव्हतं.

शेवटी मीही आमेन लिहिलं.


मंगळवार, २२ एप्रिल

गेलो. आलो. त्याने आकडा सांगितला. लिहीत नाही.

पुढच्या महिन्यापासून मंगळवारी ड्यूटी लागली आहे. नोरीनला विचारलं, माझा मंगळवार घेशील का, मी तुझे रविवार करीन. रविवार म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘सगळे? आणि तुझं चर्च?’’

‘‘एकआड एक जाईन.’’

‘‘मंगळवारी काय आहे? चर्चचंच काही?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘गाडी चालवायची असते.’’

ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. मी औषधांची ट्रॉली घेतली आणि पहिल्या खाटेकडे गेले.